करारात, कायद्यात आणि नोटिशीत ‘वाजवी’ हा शब्द कसा वाचावा

लिव्ह अँड लायसन्सचा करार, आरोग्यविम्याची पॉलिसी, विसारपावती, नोकरीचे नियुक्तिपत्र, कारणे दाखवा नोटीस आणि खुद्द भारताचे संविधान, या सर्व कागदांत एक विशेषण हटकून भेटते, ते म्हणजे ‘वाजवी’. वाजवी मुदत, वाजवी कारण, वाजवी संधी, वाजवी भरपाई, वाजवी निर्बंध. कागदावर सही करताना आपण तारखा आणि रकमा बारकाईने तपासतो. या शब्दावरून मात्र नजर पुढे सरकते. पुढे वाद उभा राहिला की दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ त्याला चिकटवतात आणि शेवटी ‘कायदाच मोघम आहे’ असे म्हणून मोकळ्या होतात.

ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी साध्या माणसांचे हक्काचे पैसे व हक्काची संधी जाते, म्हणून हा विषय सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते. कायद्याने या शब्दाच्या ठिकाणी मुद्दाम जागा मोकळी ठेवलेली असते, आणि ती जागा कोणाच्या मताने नव्हे, तर प्रकरणातील वस्तुस्थितीने भरायची असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४६ मध्ये असे म्हटले आहे की, करारात मुदत ठरलेली नसेल आणि समोरच्याने मागणी करण्याची अट नसेल, तर काम वाजवी मुदतीत पार पाडले पाहिजे. आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात वाजवी मुदत कोणती हा प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न आहे असे स्पष्टपणे नमूद केले आहे. मालविक्री अधिनियम, १९३० मध्येही वाजवी मुदतीबाबत आणि वाजवी किमतीबाबत हीच भूमिका आहे. वस्तुस्थितीचा प्रश्न म्हणजे पुराव्याचा प्रश्न. ज्याच्याजवळ तारखा, पावत्या, छायाचित्रे आणि पत्रव्यवहार असतो, त्याचा ‘वाजवी’ टिकतो.

पहिले काम: विशेषण कशाला लागले आहे ते पाहणे

एकाच वाक्यात हा शब्द तीनदा आला असेल, तर त्याची मोजमापे तीन असतात. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात आढळते तशा धर्तीचे एक कलम उदाहरणादाखल घेऊ: “परवानाधारकाने जागेचा ताबा परत दिल्यावर, वाजवी झीज वगळता जागेचे अन्य काही नुकसान झालेले असल्यास त्याच्या दुरुस्तीचा वाजवी खर्च वजा करून, उर्वरित अनामत रक्कम परवानादाता वाजवी मुदतीत परत करील.”

‘वाजवी झीज’ ठरवताना जागा किती काळ वापरली, कशासाठी वापरली आणि ती वस्तू मुळात किती जुनी होती, हे पाहावे लागते. अकरा महिने कुटुंब राहिल्यावर भिंतीचा रंग मळणे, दाराच्या कडीची चकाकी जाणे, नळाचा वायसर झिजणे ही झीज होय. वॉश बेसिन फुटणे, ओट्याच्या दगडाला घाव बसून कपचा उडणे किंवा एसी काढताना भिंतीला पडलेले मोठे भोक तसेच सोडून जाणे ही झीज नव्हे. ‘वाजवी खर्च’ हा दुरुस्तीच्या व्याप्तीशी आणि बाजारातील दराशी बांधलेला असतो. एक फरशी तडकली म्हणून संपूर्ण खोलीच्या फरश्या बदलण्याचा खर्च मागता येत नाही, आणि पाच वर्षे न दिलेला रंग आता नव्याने देण्याचा भार शेवटच्या परवानाधारकावर टाकता येत नाही. ‘वाजवी मुदत’ मात्र या दोहोंपेक्षा वेगळी आहे. शेवटचे वीजबिल यायचे आहे, पाइप गॅसचा हिशेब व्हायचा आहे, सोसायटीकडून थकबाकी नसल्याचे कळायचे आहे, एवढ्या कामांना जो वेळ लागतो तो वाजवी. ती कामे झाली की मुदतीचे कारण संपते. ‘नवीन भाडेकरू मिळाल्यावर देतो’ हे उत्तर त्या मुदतीत बसत नाही.

हीच पद्धत कोणत्याही कागदाला लावावी. प्रत्येक ‘वाजवी’खाली पेन्सिलीने रेघ ओढावी, तो कोणत्या नामाला लागला आहे ते पाहावे आणि समासात लिहावे की ही गोष्ट मोजायची झाल्यास कोणते पुरावे लागतील. वरील उदाहरणात ताबा घेतेवेळी व देतेवेळी घेतलेले चित्रीकरण, दोघांच्या सहीची सामानाची यादी, दुरुस्तीवाल्याचे लेखी दरपत्रक आणि बिल भरल्याच्या पावत्या एवढे असले तर वाद बहुधा पत्रावरच मिटतो. प्रचलित शब्दांत आपण अशा व्यवहाराला भाडे म्हणत असलो, तरी परवाना आणि भाडेपट्टा हे कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. भाडेपट्ट्यासाठी वाजवी झीज वगळण्याची तरतूद मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्येच आहे, तर परवान्यात मुख्यतः करारातील शब्दांवर अवलंबून राहावे लागते. म्हणून परवान्याच्या करारात ‘वाजवी झीज वगळता’ हे शब्द आहेत की नाहीत, ते सही करण्यापूर्वीच पाहावे.

दुसरे काम: त्या शब्दाची व्याख्या आधीच दिलेली आहे का, ते शोधणे

कधी कधी मोकळी वाटणारी जागा कागदानेच भरून ठेवलेली असते, आणि तेथे आपली समजूत चालत नाही. याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे आरोग्यविमा. दाव्याच्या रकमेतून कपात करताना विमा कंपनी ‘वाजवी व प्रचलित शुल्का’पेक्षा अधिक आकारणी झाल्याचे कारण देते. विमाक्षेत्राच्या नियामकाने (आयआरडीएआय) ठरवून दिलेल्या प्रमाणित व्याख्येनुसार हे शुल्क म्हणजे त्या विशिष्ट सेवादात्याचे नेहमीचे शुल्क, जे त्याच भौगोलिक क्षेत्रात तशाच किंवा त्यासारख्या सेवेसाठी आकारल्या जाणाऱ्या प्रचलित शुल्काशी सुसंगत असते, आणि ते ठरवताना आजाराचे किंवा इजेचे स्वरूप विचारात घेतले जाते.

ही व्याख्या सावकाश वाचली तर तिच्यातच कपातीला उत्तर देण्याचा मार्ग सापडतो. तिच्यात चार घटक आहेत: त्याच रुग्णालयाचा नेहमीचा दर, तेच क्षेत्र, तशीच सेवा आणि आजाराचे स्वरूप. म्हणून कपातीचे पत्र हाती येताच कंपनीला लेखी विचारावे की तुलनेसाठी कोणत्या परिसरातील, कोणत्या दर्जाच्या रुग्णालयांतील, कोणत्या उपचाराचे दर घेतले. रुग्णालयाकडून छापील दरपत्रक आणि ‘हाच दर सर्व रुग्णांना आकारला जातो’ असे पत्र घ्यावे. शस्त्रक्रिया गुंतागुंतीची झाली असेल, रुग्णाला आधीचा मधुमेह किंवा हृदयविकार असेल, अतिदक्षता विभागात अधिक दिवस ठेवावे लागले असेल, तर शल्यचिकित्सकाकडून त्याची कारणे देणारे टिपण घ्यावे, कारण ‘आजाराचे स्वरूप’ हा घटक कंपनीच्या तक्त्यात सहसा उतरत नाही. खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे होणारी प्रमाणशीर कपात ही निराळी बाब आहे. तेव्हा कपात कोणत्या कलमाखाली केली आहे ते आधी पाहावे, नाहीतर सर्व मेहनत चुकीच्या मुद्द्यावर खर्च होते. कंपनीने लेखी तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमाविषयक तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, पुणे आणि ठाणे येथे आहेत.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्येही ‘वाजवी सोयीसुविधा’ या संज्ञेची व्याख्या आहे. विशिष्ट प्रकरणात अवाजवी किंवा प्रमाणाबाहेरचा भार न पडता करता येण्याजोगे आवश्यक व योग्य ते फेरबदल, असा तिचा आशय आहे. याचा अर्थ असा की परीक्षाकेंद्राला किंवा नियोक्त्याला ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ एवढे सांगून सुटता येत नाही. भार प्रमाणाबाहेरचा का आहे, ते त्याला दाखवावे लागते.

तिसरे काम: कोणाच्या नजरेने आणि कोणत्या परिस्थितीत

‘वाजवी’ हे मोजमाप आपल्या मनातील भावनेचे नसते, तसेच समोरच्याच्या मर्जीचेही नसते. त्याच परिस्थितीत सापडलेल्या सर्वसामान्य समंजस माणसाने काय केले असते, हे न्यायालय पाहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये घरमालकाला जागा परत मिळण्याचे एक कारण असे दिले आहे की, त्याला स्वतःच्या वापरासाठी ती जागा वाजवीपणे व खरोखरीच हवी आहे. येथे दोन शब्द आहेत आणि दोहोंचे काम वेगळे आहे. ‘खरोखरीच’ हा शब्द मालकाच्या हेतूचा प्रामाणिकपणा पाहतो; ‘वाजवीपणे’ हा शब्द त्या हेतूला बाहेरच्या परिस्थितीचा आधार आहे का, ते पाहतो. समजा, मालकाला मुलासाठी तळमजल्यावरील दुकानात दवाखाना काढायचा आहे. इच्छा प्रामाणिक असू शकते. पण त्याच इमारतीत त्याचीच तेवढीच सोयीची दुसरी जागा रिकामी असेल, तर गरज खरी असूनही वाजवी ठरेलच असे नाही. गरज वाजवी ठरली तरी प्रश्न तेथेच संपत नाही, कारण त्याच कलमानुसार न्यायालयाला हुकूमनामा (म्हणजे ताबा देण्याचा आदेश) दिल्याने अधिक हाल कोणाचे होतील याची तुलना करावी लागते, आणि त्या तुलनेत दोघांपैकी कोणाला अन्य वाजवी जागा उपलब्ध आहे का, हेही पाहिले जाते. जागेचा काही भाग देऊन कोणाचेच हाल होणार नसतील, तर तेवढ्याच भागाचा हुकूमनामा होतो. म्हणून भाडेकरूने पर्यायी जागेचा शोध घेतल्याचे पुरावे, म्हणजे दलालाशी झालेला पत्रव्यवहार, पाहिलेल्या जागा, सांगितलेली भाडी, जपून ठेवावेत. असा शोधच घेतला नसेल, तर हालांचा मुद्दा दुबळा पडतो.

शासनाने घातलेला निर्बंध वाजवी आहे का, हे तपासण्याची रीतही अशीच परिस्थितीवर उभी आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्यांवर ‘वाजवी निर्बंध’ घालता येतात. भाषणस्वातंत्र्याबाबतच्या खंडात मात्र ‘वाजवी’ हा शब्द मूळ संविधानात नव्हता, तो १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. त्याच्या थोडे आधी, १९५० मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हे प्रकरण आले. शेतीच्या हंगामात मजूर कमी पडू नयेत, म्हणून सागर जिल्ह्यातील ठरावीक गावांत हंगामापुरते विडी वळण्यावर संपूर्ण बंदी घालण्यात आली होती. हेतू गैर नव्हता. पण जे शेतात काम करूच शकत नाहीत अशा वृद्ध, अपंग आणि दुर्बल माणसांनाही ही बंदी लागू होती, आणि शेतातील कामाव्यतिरिक्त मिळणाऱ्या मोकळ्या वेळेतही विड्या वळता येत नव्हत्या. साध्य करायच्या गोष्टीपेक्षा निर्बंध कितीतरी अधिक रुंद होता, म्हणून न्यायालयाने तो अवाजवी ठरवला. १९५२ मध्ये मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. रो या निकालात सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी तपासणीचे मुद्दे सांगितले: कोणत्या हक्काला बाधा येते, निर्बंधामागचा हेतू काय, कोणत्या अनिष्टाला आळा घालायचा आहे व ते किती तातडीचे आहे, निर्बंध त्याच्या प्रमाणात आहे का, आणि त्या काळची परिस्थिती कशी आहे. जमावबंदीचा किंवा इंटरनेट बंदीचा आदेश वाचताना आजही हेच प्रश्न विचारावेत. माझ्या मते विडी कामगारांचे हे प्रकरण शाळेच्या नागरिकशास्त्रात शिकवले जावे इतके बोलके आहे.

चौथे काम: सिद्ध करण्याचा भार कोणावर

हा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो, आणि निकाल बहुधा यावरच फिरतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम २० जवळून पाहण्यासारखे आहे. जन माहिती अधिकाऱ्याने वाजवी कारणाशिवाय अर्ज घेण्यास नकार दिला किंवा मुदतीत माहिती दिली नाही, तर आयोग त्याच्यावर दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये इतकी शास्ती लादतो. शास्तीपूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. आणि आपण वाजवीपणे व तत्परतेने वागलो हे सिद्ध करण्याचा भार त्या अधिकाऱ्यावरच असतो. एकाच तरतुदीत या शब्दाचे तीन उपयोग आहेत आणि तिसरा अर्जदाराच्या बाजूचा आहे. तरीही दुसऱ्या अपिलात असंख्य अर्जदार अधिकाऱ्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध करण्यात शक्ती घालवतात. त्याची गरज नसते. अर्जाची तारीख, तीस दिवसांची मुदत संपल्याची तारीख आणि माहिती मिळाली नसल्याचे विधान एवढे मांडून, ‘विलंबाचे वाजवी कारण दाखवण्याचा भार कलम २० नुसार जन माहिती अधिकाऱ्यावर आहे’ हे वाक्य अपिलात स्पष्ट लिहावे.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ९ मध्येही भार असाच ठरवून दिलेला आहे. पती किंवा पत्नी वाजवी सबबीशिवाय सहवासातून निघून गेल्यास दुसऱ्याला सहवासाच्या पुनःस्थापनेसाठी अर्ज करता येतो. पण सबब वाजवी होती हे सिद्ध करण्याचा भार निघून जाणाऱ्यावर असतो. त्रासामुळे घर सोडावे लागलेल्या स्त्रीने म्हणूनच त्या वेळची वैद्यकीय कागदपत्रे, पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत, माहेरी पाठवलेले संदेश टिकवून ठेवले पाहिजेत. कायदा काहीच सांगत नसेल, तर सर्वसाधारणपणे जो एखादी गोष्ट असल्याचे म्हणतो, त्याने ती सिद्ध करायची असते.

नोकरीतील ‘वाजवी संधी’ याच रांगेतील आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला बडतर्फ करण्यापूर्वी, काही अपवाद वगळता, चौकशी होऊन आरोपांबाबत म्हणणे मांडण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. १९५७ च्या खेमचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या संधीत काय काय येते ते उलगडून सांगितले: आरोप काय आहेत आणि ते कशावर आधारलेले आहेत हे कळणे, साक्षीदारांची उलटतपासणी घेता येणे, स्वतःचे साक्षीदार आणता येणे. कारणे दाखवा नोटीस हाती पडल्यास उत्तर लिहायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. आरोप तारीख-वारासह नेमके आहेत का? ज्या कागदांच्या आधारे आरोप केले आहेत ते सोबत दिले आहेत का? उत्तरासाठी दिलेला अवधी त्या कागदांच्या पसाऱ्याच्या मानाने पुरेसा आहे का? यातील काही उणे असेल, तर मुदत संपण्याआधी लेखी मागणी करावी. मुदत उलटल्यावर ‘संधी मिळाली नाही’ असे म्हणणे सहसा ऐकले जात नाही.

मुदतीबाबत थोडे अधिक

कायद्याला जेथे आकडा हवा असतो तेथे तो आकडाच देतो. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे देण्याची संधी असते. तेथे ‘वाजवी’ला वाव नाही. उलट, जेथे आकडा नाही तेथेही मुदत अमर्याद नसते, हे महाराष्ट्रातील जमीनधारकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई जमीन महसूल संहितेखालील एका प्रकरणात, आयुक्तांनी एक वर्षाहून अधिक काळानंतर वापरलेला पुनरीक्षणाचा, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याचा आदेश पुन्हा तपासण्याचा, अधिकार उशिराचा ठरवला, कारण कलमात मुदत नसली तरी तो अधिकार वाजवी मुदतीतच वापरला पाहिजे. पुढे २००९ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५७ बाबत त्याच न्यायालयाने म्हटले की, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास ही वाजवी मुदत साधारणपणे तीन वर्षांची मानावी. जुन्या फेरफाराविरुद्ध अनेक वर्षांनी पुनरीक्षणाचा अर्ज आला आणि त्याची नोटीस तुम्हाला मिळाली, तर मूळ वादाच्या गुणदोषांवर बोलण्याआधी विलंबाचा मुद्दा लेखी उपस्थित करावा, आणि दरम्यानच्या काळात तुम्ही जमिनीत केलेली विहीर, बांध, कर्ज किंवा खरेदीखत यांचे पुरावे जोडावेत. मात्र समोरच्याला व्यवहार लपवून अंधारात ठेवले गेले असेल, तर मुदतीचा हा मुद्दा तितका चालत नाही, हेही ध्यानात असावे.

दैनंदिन व्यवहारात वाजवी मुदतीला तारखेचे रूप देण्याचा मार्ग साधा आहे. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांचे काम सुताराला दिले, आगाऊ रक्कम दिली, तारीख मात्र ठरवली नाही, असे समजू. काम रेंगाळल्यास पत्र किंवा संदेश असा असावा: काम कोणत्या दिवशी ठरले, किती रक्कम दिली, प्लायवुड व चॅनेल कोणत्या दिवशी पोहोचले, किती काम उरले आहे, आणि तेवढ्या कामाला लागणारा वेळ पाहता अमुक तारखेपर्यंत ते पूर्ण करावे, न झाल्यास करार मोडल्याचे समजून उरलेले काम दुसऱ्याकडून करून घेतले जाईल व जास्तीचा खर्च मागितला जाईल. या पत्रात तारीख का वाजवी आहे याचे कारण लिहिलेले असते, आणि नेमके तेच बहुतेक नोटिशींत राहून जाते.

भरपाईची रक्कम, आणि जेथे हा शब्दच नाही ती जागा

करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल, असे करारात लिहिलेले असले तरी ती आपोआप मिळत नाही. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मिळते ती वाजवी भरपाई, आणि करारातील आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात मालमत्तेच्या व्यवहारातील २५,००० रुपये जप्त करण्याचा प्रश्न होता. न्यायालयाने १,००० रुपयांची विसाराची (व्यवहार पक्का करताना दिलेली) रक्कम ठेवू दिली, पण उरलेले २४,००० रुपये नुकसान सिद्ध न झाल्याने ठेवू दिले नाहीत. याउलट नुकसान रुपयांत मोजणे कठीण असेल आणि ठरवलेला आकडा आधी केलेला प्रामाणिक अंदाज असेल, तर न्यायालय तो मान्य करू शकते. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने टिकवली; भरतीप्रक्रियेचा खर्च व त्या पदाचा पगार पाहता रक्कम न्यायालयाला जाचक वाटली नाही. विसारपावती करताना म्हणूनच ‘विसार’ आणि ‘आगाऊ रक्कम’ यांचे आकडे वेगवेगळे लिहावेत.

नोकरीच्या करारात आणखी एक गल्लत सर्रास होते. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये, अशी अट घातली जाते आणि ‘मुदत व क्षेत्र वाजवी आहे’ असे समर्थन दिले जाते. परंतु करार अधिनियमाच्या कलम २७ च्या मूळ नियमात ‘वाजवी’ हा शब्दच नाही. धंदा किंवा व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता शून्य, असे ते कलम म्हणते. हा शब्द येतो तो केवळ व्यवसायाचा नावलौकिक विकण्याच्या अपवादात. नोकरी चालू असतानाच्या किंवा करारात ठरलेल्या सेवाकाळातील बंधनांचा विचार निराळा होतो. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातील कर्मचाऱ्याच्या १९६७ च्या प्रकरणात पाच वर्षांच्या सेवाकाळापुरते असे बंधन सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. नोकरी संपल्यानंतरच्या मनाईला मात्र वाजवीपणाचा आधार देऊन वाचवता येत नाही. गोपनीय माहिती न वापरण्याची अट याहून वेगळी आहे आणि ती पाळावीच लागते.

फौजदारी खटल्यात ‘वाजवी संशय’ हा शब्द भेटतो तेव्हा मोजमाप आणखी कडक असते. आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, याचा अर्थ कल्पनेने काढता येईल अशा प्रत्येक शंकेपलीकडे असा नाही. पुराव्यातून उभी राहणारी, कारण देता येईल अशी शंका असली तरच आरोपीला तिचा फायदा मिळतो. १९७३ मध्ये महाराष्ट्रातील एका खून खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी दुबळ्या शंकांना अवास्तव महत्त्व देण्याविरुद्ध बजावले होते.

स्वतः मसुदा लिहिताना

जी गोष्ट आज ठरवता येते तेथे ‘वाजवी’ लिहू नये, आकडा लिहावा. ‘मालक वाजवी वेळी जागेची पाहणी करू शकेल’ याऐवजी ‘किमान २४ तास आधी संदेश देऊन, सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळात, परवानाधारक किंवा त्याने नेमलेली व्यक्ती हजर असताना पाहणी करू शकेल’ असे लिहिले, तर वादाला जागा उरत नाही. जी गोष्ट आज ठरवताच येत नाही, तेथे हा शब्द ठेवणे शहाणपणाचे असते; पण त्याच्यामागे ‘ठरवताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातील’ असे लिहून दोनतीन बाबी जोडाव्यात. वरच्या मजल्यावरून पाणी झिरपू लागले, वायरिंगमधून जळका वास आला, तर २४ तासांची वाट पाहता येत नाही; अशा प्रसंगासाठी ‘तातडीच्या वेळी, परिस्थितीनुसार शक्य असेल तेवढी वाजवी पूर्वसूचना देऊन, पाणीगळती, आग किंवा विजेचा धोका टाळण्यापुरता प्रवेश करता येईल’ असे दुसरे वाक्य त्याच कलमात घालावे.